सरांची केळीची वाडी

फुलपाड्याच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे सर डिजिटल कॅमेरा गळ्यात घालूनच वावरत. प्रत्येक फोटोआधी भिंगावर फुंकर मारत आणि म्हणत, "कल्चर पाहिजे, कल्चर!" मुलांनी इथल्या जगण्यावर इंग्रजीत गोष्ट लिहायची आणि तिला फोटो व आपला आवाज जोडायचा, ही त्यांची पद्धत. इंग्रजी मी तपासायचे.

पण सरांचं कल्चर म्हणजे जवळच्या निर्मळ गावातली केळीची वाडी. फ्लॅटमध्ये वाढलेली मुलं सरांचेच फोटो लावून वाडीवर लिहायची. सातवीतल्या एका मुलीने मात्र बिल्डिंगखाली येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर लिहिलं, रांगेतल्या भांडणांसकट. मला हसू आवरेना.

"यात कल्चर कुठाय, टीचर?" म्हणत सरांनी ती गोष्ट पालकांना दाखवायच्या कार्यक्रमातून काढली. "छान आहे, सर," मी पुटपुटले. त्यांनी ऐकलंच नाही. मुलीचा चेहरा पडला.

कार्यक्रमात पालकांसमोर पडद्यावर आणखी एक वाडी चालू असताना खाली हॉर्न वाजला. "अगं बाई, टँकर!" कुणाची तरी आई ओरडली आणि सगळे पालक जिना उतरले.

सर खिडकीशी गेले, भिंगावर फुंकर मारली आणि रांगेचे फोटो काढत सुटले. मग वळून त्या मुलीवरच चिडले, "असलं काही असताना सांगायचं नाही का?"

"लिहिलंय तिने!" मी चक्क ओरडले.

"मग लावा ना, टीचर! वाट कसली बघताय?"

मी गोष्ट लावली आणि दोन्ही स्पीकर उचलून खिडकीत ठेवले, तोंड रांगेकडे करून.