आजीच्या नावावरचं गाणं

निवृत्तीनंतर खून-दरोड्यांचे तपशील पुसट होत गेले, पण भुलाबाईच्या, म्हणजे आमच्या विदर्भातल्या भोंडल्याच्या, गाण्याचा तो तक्रार अर्ज मला आजही जसाच्या तसा आठवतो.

खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या, साठी उलटलेल्या एक बाई मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. त्यांनी रचलेलं गाणं एका मराठी सिनेमात वाजत होतं आणि श्रेयनामावलीत लिहिलं होतं, 'पारंपरिक गीत'. मुलगी तावातावानं बोलत होती. बाई एवढंच म्हणाल्या, "काही नको साहेब. माहं नाव तेवढं लागलं पाहिजे."

खरं सांगतो, मी वैतागलो होतो. दोन घरफोड्यांचा तपास गळ्यात, त्यात हे गाणं. तरी चौकशी लावली.

संगीतकार वकिलासह हजर झाला. नागपूरचाच, बोलायला गोड. दोन वर्षांपूर्वी तो वसाहतीत गाणी गोळा करायला गेला होता, तेव्हाचं चित्रीकरण त्यानं मोबाइलवर दाखवलं. त्यात ह्याच बाई हसून सांगत होत्या, "हे माह्या आजीचं गाणं हाय." शेजारणींना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. माझं डोकं सणकलं. खोटी तक्रार केली की काय होतं, हे मी बाईंना चांगलंच सुनावलं. त्याची मला अजून लाज वाटते.

अर्ज निकाली काढायचा तरी वादाचा मजकूर जबाबात पूर्ण घ्यावा लागतो. आमच्या महिला हवालदारानं बाईंना गाणं म्हणायला लावलं आणि ओळीनं लिहायला घेतलं. आधीच्या कडव्याचा शेवटचा शब्द उचलून पुढचं कडवं सुरू व्हायचं. चौथ्या कडव्यात भुलाबाईचे यजमान भुलोजी दुसऱ्या पाळीला निघाले आणि तिनं त्यांच्या हाती डबा दिला. हवालदारानं पेन थांबवलं.

"मावशी, तुमच्या आजीच्या गावात कंपनी होती काय?"

"नाही वं. नुसती शेती."

"मंग दुसरी पाळी कुठून आली?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नवी सून होती मी. सून गाणे जोडून राहिली असं सासूले समजलं असतं, तं घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. आजीचं नाव सांगतलं, तं कोणी काही म्हणे ना. मंग तेच सांगत राहिली."

मी संगीतकाराला विचारलं, सिनेमात हे कडवं काहून नाही?

"सर, सिनेमा जुन्या काळातला आहे. ते नवं वाटलं, म्हणून काढलं."

वकील लगेच म्हणाले, एखादं कडवं कुणी मागून जोडलं असेल. मी मोबाइलवर सिनेमातलं गाणं लावलं. तिसरं कडवं संपलं आणि थेट सुरू झालं, 'डब्यात ठेवली करंजी'. डबा दिल्याचं कडवं कापलं होतं, डबा तसाच राहिला होता.

"नवं आहे हे तुला कळलं होतं, मग बाईंना परत विचारलं काहून नाही?"

प्रकरण कोर्टात जायच्या आधीच निर्मात्यानं श्रेय बदललं. पण त्यासाठी बाईंना आपलं खोटं जबाबात लिहून द्यावं लागलं आणि शेजारणींनाही सांगावं लागलं. त्यांनी ते केलं. नोकरीभर मी खोटं सापडलं की तपास संपला असं समजत आलो. माणूस खोटं कशापायी बोललं, हे विचारायचं शिकलो ते निवृत्तीला वर्ष उरलं असताना.

नाव लागल्यावर बाई ठाण्यात आल्या. मोबाइलवर ते त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "साहेब, याच्यात आजीचंबी नाव टाकता येते का? इतके वर्षं तिनंच सांभाळलं मले."