रंग ओला आहे

आबामामा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, त्याच्या गाडीच्या बॉनेटकडे बघून बोलत. मी पुण्याहून रत्नागिरीत पोचलो की "कसा आहेस?" वगैरे काही नाही. बॉनेटवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "मेल्या, हातखंब्यापासून डंपरच्या शेपटाला धरून आलास काय? देवी आल्यासारखी झाल्येय गाडी!"

त्यांची स्वतःची गाडी लालभडक. हायवेच्या खडीने रंगाचा टवका उडाला, की रविवारी अंगणात पाट टाकून मामा तिच्यासमोर बसत. टवका शांपूने धुवायचा, ओल्या पॉलिश पेपरने त्याची कड घासायची, मग पांढरा प्रायमर. तो सुकला की आगकाडीच्या टोकाने लाल रंगाचा थेंब, आणि सगळ्यात वर लॅकर. एकेक थर सुकेपर्यंत मला गोष्टी सांगत. गोष्टी ऐकाव्यात तर त्यांच्याकडूनच. मला ते फार आवडत.

मामींच्या ओठांवर आणि बोटांवर कोड होतं. चहा देताना त्यांचा हात बॉनेटला टेकला, तर मामा चार माणसांत ओरडत, "हात नको लावू गो! तुझं लागेल तिला!" कोड लागत नाही हे मामांना पक्कं ठाऊक होतं. माणसं हसत. मामीही हसत, तोंडावर पदर धरून. पुढे पुढे तो पदर एरवीही तिथेच राहू लागला.

मामींचं माहेर दापोलीजवळचं मुरुड. तिथे कार्य निघालं, की मामांच्या मते हायवेवर नेमकी खडी पडलेली असे. एसटीने जावं, तर दारात गाडी असताना बाई एकटी का आली, हे माहेरी कोण कोणाला सांगणार? भाचीच्या लग्नाला मात्र मामींनी मामांचा शब्द घेतला. त्या दिवशी पहाटेच साडी नेसून त्या बाहेर आल्या, तर मामा पाटावर, हातात आगकाडी. "आज कसली जातेस? रंग ओला आहे, धूळ बसेल." मुहूर्त टळेपर्यंत मामी पायरीवर बसून होत्या. हे मला मामांनीच फोनवर सांगितलं, तिखटमीठ लावून.

पुढे मामांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. मामींनी सेवेत काही कमी केलं नाही. भरवत, पुसत, रोज खुर्ची अंगणात गाडीसमोर मांडत. दवाखान्याच्या फेऱ्यांत गाडीवर टवकेच टवके झाले होते. मामा डाव्या हाताने ते दाखवत आणि रडत.

एका रविवारी मी तिथेच असताना मामी पाट टाकून बसल्या. शांपू, पॉलिश पेपर, सगळं थेट मामांसारखं. प्रत्येक टवक्यावर पांढरा प्रायमर लावला आणि उठल्या.

"ला... लाल," मामा कसेबसे म्हणाले.

"ओला आहे हो अजून," मामी म्हणाल्या. "सुकू दे."

मी लाल बाटलीकडे हात नेला, तर त्यांनी ती उचलून कमरेला खोचली.

मामा रोज त्या पांढऱ्या ठिपक्यांसमोर बसत आणि रोज "लाल" म्हणत. पावसाळा संपता संपता ते गेले. मी ढसाढसा रडलो. मला इतकं हसवणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मामी म्हणाल्या, "मुरुडला नेशील?" त्याच गाडीतून गेलो. मामी पुढे बसल्या होत्या. त्यांची भावजय लगबगीने बाहेर आली आणि गाडी बघून दारातच थबकली.

"अगो बाई, हिला काय झालं?"

मामींनी तोंडावरचा पदर सोडला.

"माझं लागलं तिला," त्या म्हणाल्या, आणि खदखदून हसल्या.