उन्हात तापवायच्या पाण्याचा हंडा

नणंद पहिल्या बाळंतपणाला कडावला आमच्याकडे आली नि माझे पाय भरून आले ते आलेच. बाळंतिणीला कढत पाणी हवं, पाण्याला लाकडं हवीत, आणि लाकडं डोंगरात. रोज भारा आणायचा, शिवाय जंगलखात्याचा शिपाई दिसला की झुडपात दडायचं. तुम्हांला सांगते, डोक्यापेक्षा मानच आधी रडायची.

म्हटलं, उन्हात पाणी ठेवावं, चुलीवर नुसती ऊब द्यावी. मायलेकरांची आंघोळ दुपार कलल्यावर ठेवली. पण ठेवायचं कशात? पहिल्यांदा रांजण भरला, मोठा म्हणून. पाणी गारच! रांजण पाणी गार करायलाच असतो, पण दमलेल्या माणसाला एवढंही सुचत नाही. मग घंगाळ. त्याचं तोंड रुंद, त्यात पाला पडे, नि तापलेलं पाणी वाऱ्यानं निवे. शेवटी झाकणाचा तांब्याचा हंडा काढला. तो रोज चिंचेनं घासून लखलखीत करून अंगणात मांडायचे. पाणी कोमटाच्या वर जाईना. माझा भारा काही सुटेना.

एक दिवस हात उचलेनात. आदल्या दिवशी चुलीवरून उतरवलेला हंडा तसाच काळाकुट्ट भरून उन्हात ठेवला. दुपारी न्हाणीतून नणंद ओरडली, “वयनी, आज किती लाकडं जाळलीस गं? पोळलं ना!”

“एक काटकी नाय जाळली बाय. आज हंडा घासलाच नाय.”

सासूबाई बाहेर आल्या. “काळं भांडं दारात? लोक काय म्हनतील, सून आळशी हाय!”

“आये, लोक आंघोळीला येतायत का आपल्याकडं?” नणंद आतूनच म्हणाली.

सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी हेका सोडला नाही. “मग मागल्या दारी ठेव. कुनाला दिसाया नको.”

मागल्या दारी ऊन चांगलं होतं, पण विहीर पुढल्या अंगाला. घराला वळसा घालून घागरी वाहायच्या. तरी मी हो म्हटलं. पाणी तापलं की हंडा भाताच्या पेंढ्यात रोवून वर गोधडी टाकायचे, मग आंघोळीपर्यंत ऊब टिकायची.

डोंगर एक दिवसाआड झाला. पहिल्या रिकाम्या दिवशी मी ओटीवर आडवी झाले. झोप लागली नाही, अंग ठणकत होतं. सासूबाईंनी बघितलं नि आपल्या कामाला लागल्या. तशीच पडून राहिले.