चार डोळ्यांचा तुतवार

ताई आधी कोपर धरायच्या, मग बोलायच्या. तळ्याकाठच्या चिखलात काही हललं की त्यांची बोटं माझ्या कोपरात रुतायची आणि हलक्या आवाजात प्रश्न यायचा, "तुले दिसला का गा?" मी हो म्हटलं तरच त्या पक्ष्याचं नाव घ्यायच्या. मी नाही म्हटलं, तर पक्षी कितीही ठसठशीत असो, त्यांच्या लेखी तो आलाच नाही. "चार डोळे पायजेत," म्हणायच्या आणि पुढे चालू लागायच्या.

ही खोड त्यांना छापखान्यात लागली होती. नागपुरातल्या एका जुन्या छापखान्यात आम्ही दोघं प्रुफं तपासायचो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचो, अगदी स्वल्पविरामासकट, आणि ताई प्रुफावर पेन्सिल टेकवून माझ्यामागून यायच्या. मालक एकदा म्हणाले, एकेकट्यानं तपासा, काम दुप्पट होईल. ताई म्हणाल्या, "चुकाही दुप्पट होतीन." विषय तिथेच संपला. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली आणि मला फोन केला. मीच का, विचारलं तर म्हणाल्या, "तुह्या आवाजाची सवय झाली मले." झालं, माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

तुम्ही पाखरं बघणाऱ्यांपैकी असाल तर तुम्हालाही हा अनुभव असेल. लोकांना वाटतं, बाहेरगावचे पक्षी दिवाळीनंतर येतात. पण ऐन आषाढात, आपण छत्र्या सावरत असतो तेव्हाच, काटोल रोडकडच्या आमच्या तळ्यावर उत्तरेकडून पहिला तुतवार उतरतो. साळुंकीएवढा, उंच पायांचा, वरून मातकट. उभा असला की शेपूट खालीवर करत राहतो, उडाला की पांढरी कंबर दिसते. तिकडे पिल्लं पुरती मोठी व्हायच्या आत यांच्यातल्या माद्या निघतात म्हणे. ताईंना याचं भारी कौतुक. "बाई निघाली, अन् बाप पोरं सांभाळून राहिला. शिका काही," असं मला ऐकवायच्या. पहिला तुतवार दोघांनी पाहिला की आमच्या पाखरंवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी जायची, आणि त्या दिवशी ताई एखाद्या लग्नघरातल्या मावशीसारख्या मिरवायच्या.

मागच्या वर्षी त्या बांधावरून पाय चाचपत उतरू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "चष्मा बदलाचा आहे." मलाही ते खरं वाटलं.

एका रविवारी पाऊस उघडला होता. पाण्याच्या कडेला, बाभळीच्या खुंटाजवळ, तो मला दिसला. या वेळी कोपर मी धरलं.

"ताई, दिसला का?"

त्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावून धरली. मग म्हणाल्या, "हो. दिसला. शेपूट हलवून राहिला."

मला कोण आनंद झाला. तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, पहिला तुतवार, दोघांनी पाहिला. तेवढ्यात एक म्हैस पाण्यात उतरायला आली आणि तिनं सरळ तुतवारावर पाय दिला. तो उडाला नाही. कसा उडेल, ते ढेकूळ होतं. मी हसत ताईंकडे वळलो. त्यांची दुर्बीण अजून डोळ्यांना होती आणि म्हशीच्या पायांकडे बघत त्या म्हणत होत्या, "कसा शांत उभा आहे गा."

मी हसू आवरलं.

"उडाला ताई," मी म्हणालो.

"हो ना," म्हणत त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

त्याच आठवड्यात भाचीनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता, आणि गेलेली नजर परत येण्यातली नव्हती. पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो, आणि त्याच खुंटाजवळ खरा तुतवार उभा. मी ताईंना फोन लावला, "ऐका" म्हटलं आणि फोन पाण्याकडे धरला. नशीब बघा, तो त्याच क्षणी तीक्ष्ण शीळ घालत उडाला.

पलीकडे ताईंनी शीळ संपेपर्यंत ऐकलं. मग, "आला गा. तोच आहे."

"मग टाकू ग्रुपवर? मी पाहिला, तुम्ही ऐकला."

"ऐकणं म्हणजे पाहणं नाही. दुसरं कोणी आहे का तिथं?"

"नाही."

"मंग नको टाकू. अन् तो मागचाही काढून टाक. मले नव्हता दिसला. तू एवढ्या खुशीत दाखवून राहिला होता, नाही म्हणाची हिंमत नाही झाली."

"मलाही नव्हता दिसला ताई. ते ढेकूळ होतं. म्हशीनं पाय दिला तेव्हा कळलं."

ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अन् मी त्या ढेकळाची शेपूट पाहिली गा," म्हणता म्हणता त्यांचा आवाज फाटला. छापखान्यात इतकी वर्षं शेजारी बसलो, पण त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ठेव आता फोन," एवढंच म्हणाल्या.

हिवाळ्यात ताई गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. जन्मभर दुसऱ्याच्या नजरेची वाट बघणारी ही बाई आपली नजर जात असताना कोणालाही काही बोलली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

परवा तळ्यावर गेलो होतो. तुतवार आला होता. चांगला जवळ, स्वच्छ उन्हात, शंकेला जागाच नाही. शेपूट हलवत होता. मग शीळ घालत उडाला, पांढरी कंबरही दिसली. मी कोपर अंगापासून जरा बाजूला धरून उभा होतो, हे नंतर लक्षात आलं.

घरी येईपर्यंत ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, यंदा तुतवार आला का?

मी लिहिलं, अजून नाही.