धुंधुरमासातले बोलावणे

हे मला नीट लिहिता येईल की नाही, याची खात्री वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाचा अर्ज असो, कुणाला पत्र असो, सगळे माझ्याकडे येतात. पण अर्ज लिहिणे वेगळे आणि मनातले लिहिणे वेगळे. आमच्या भजनमंडळातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह केला, "जसं घडलं तसं लिही, सजवू नकोस," म्हणून बसलो आहे. आधी एक सांगितले पाहिजे. गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझी देवपूजा सवयीपुरतीच उरली होती. अंघोळ झाली की पांडुरंगाच्या तसबिरीपुढे हात जोडायचे, आणि हात खाली येण्याआधीच मन दुसरीकडे गेलेले असायचे. त्यातून त्या दिवसांत मला देवाचा थोडा रागही आला होता.

चामराजपेटेत आमच्या घरापासून जवळच एक जुने छत्र आहे. छत्र म्हणजे धर्मशाळा. इकडे कानडी मुलखात हाच शब्द चालतो. वाटसरू येईनासे झाल्यापासून ते कुलूप लावून पडले होते. मला शाळेत शिकवलेले मास्तरअण्णा निवृत्त झाल्यावर त्यांनी छत्राच्या मालकीणबाईंना विनवून ते उघडून घेतले, आणि मार्केटात दुकानांच्या फळ्यांखाली, देवळांच्या कट्ट्यांवर झोपणाऱ्या माणसांसाठी तिथे निवारा सुरू केला. पाऊस नाही म्हणून गाव सोडून आलेले हमाल होते, एक आंधळे जोडपे होते, आणि सगळ्यांचे जेवणखाण बघणारी गंगक्का होती. गंगक्का साठीची असेल. नवरा वारल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेली. बरीच वर्षे ती एका कापडदुकानाच्या पायऱ्यांवर झोपत होती.

मास्तरअण्णांना दमा आहे. थंडी सुरू झाली की त्यांना फिरणे जमत नाही. म्हणून घरोघर जाऊन मदत मागण्याचे आणि आसपासच्या लोकांना निवाऱ्याशी जोडण्याचे काम त्यांनी माझ्यावर टाकले. "तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील," असे ते म्हणाले. आमची मागणी लहान होती. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ मडक्यात बाजूला टाकावी. रविवारी मी झोळी घेऊन येईन आणि ते तांदूळ घेऊन जाईन. पण दार उघडल्याबरोबर माझी जीभ अडखळायची. माझे वडील शिंपी. त्यांनी कुणापुढे हात पसरलेला मी पाहिला नव्हता, आणि त्यांचा शिकलेला मुलगा खांद्याला झोळी अडकवून गल्लीतून जाताना दिसला की ते मशीनवरची मान वर करत नसत.

सगळ्यात अवघड दार सुभानराव अण्णांचे होते. छत्राच्या समोरच त्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान, आणि मागे घर. गल्लीत त्यांचा शब्द चालतो.

"अय्यो, शिंप्याचा पोरगा कॉलेजात जाऊन हेच शिकला का रे? बाप शिवतो आणि हा झोळी पसरतो!" दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले.

"अण्णा, माझ्यासाठी नाही मागत."

"तेच म्हणतो मी. स्वतःसाठी मागितलं असतंस तर पायली भरून दिली असती. ज्यांचा ठाव ना ठिकाणा अशी माणसं तू माझ्या दारासमोर आणून ठेवलीस. घरात लेकी-सुना आहेत. उद्या काही झालं तर तू येणार का निस्तरायला?"

सरी, म्हणजे बरं, एवढेच म्हणालो आणि पुढच्या दाराकडे गेलो. तिथेही बहुतेक हेच ऐकले. फरक एवढाच, की ते स्वल्प हळू आवाजात होते.

पुढे गल्लीतल्या काही जणांनी बसवनगुडीला मालकीणबाईंकडे तक्रार नेली. त्यांनी मला बोलावून घेतले. वयस्क, मितभाषी बाई. कन्नडमध्ये त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी पुण्य मिळावं म्हणून छत्र बांधलं. शेजाऱ्यांचे तळतळाट घेऊन कसलं पुण्य? संक्रांतीपर्यंत गल्ली राजी झाली तर राहू दे. नाही तर किल्ली आणून दे." त्यांचे बोलणे मला अन्यायाचे वाटले नाही, म्हणूनच जास्त जड गेले.

परत येऊन मी गंगक्काला सांगितले. ती अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"मग तम्मा, आत्ताच सांग ना," ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी नातवाच्या वयाचा असूनही ती मला तसेच म्हणते. "जागा बघून ठेवायला बरं. कापडदुकानाच्या पायऱ्या चांगल्या होत्या, वारा लागत नसे. पण आता तिथं दुसरं कोणी झोपत असेल. त्याला कसं उठवायचं?"

त्या संध्याकाळी मी भजनाला गेलो, पण टाळ हातात घेतला नाही. सगळे डोळे मिटून गात होते आणि मी देवाच्या मूर्तीकडे उघड्या डोळ्यांनी बघत होतो. एका म्हातारीला झोपायला पायरी मिळेल की नाही, एवढीच गोष्ट होती. एवढ्याशा गोष्टीसाठीही तुझ्याकडे जागा नसेल, तर हे गाणे कशासाठी? असे मी मनात म्हणालो. मग भीती वाटली, आणि मी लवकर घरी आलो.

आईने जेवायला वाढताना माझे तोंड पाहिले असावे. ती शिकलेली नाही, फार बोलतही नाही. म्हणाली, "जातोस तेव्हा मागायला जातोस. एकदा त्यांना जेवायला बोलाव की. धुंधुरमास आहे."

धुंधुरमासात, म्हणजे सूर्य धनु राशीत असतो त्या महिन्यात, भल्या पहाटे स्वयंपाक करून सूर्य उगवताना जेवायची आमच्यात रीत आहे. इथल्या कानडी घरांतही याच महिन्यात पहाटेची पूजा आणि हुग्गीचा नैवेद्य असतो. मुगाची डाळ घातलेली मऊ खिचडी, वर मिरे नि तूप. तिलाच आम्हीही आता हुग्गी म्हणतो. भजनमंडळाने तांदूळ आणि डाळ दिली. मार्केटातल्या भाजीवाल्यांनी अवरेच्या शेंगांची रासच दिली, कारण त्यांच्याकडचे दोन हमाल छत्रातच राहत होते. आदल्या संध्याकाळी मी वाटीत अक्षता घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी गेलो. सुभानराव अण्णांनी अक्षता घेतल्या, पण माझ्याकडे न बघता. "अक्षत परत करू नये म्हणून घेतो. येईन असं म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

पहाटे आई आणि गंगक्का शेजारी शेजारी चुलीपुढे बसल्या. हमालांनी अंगण झाडून सडा घातला. आंधळ्या रामय्यांनी केळीची पाने एकेक करून हाताने चाचपत पुसली. पूर्वेला उजळू लागले तेव्हा पानांच्या दोन लांब रांगा मांडून झाल्या होत्या. मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली. आणि कुणीही आले नाही.

आकाश तांबूस झाले. भांड्यावरचे झाकण आई दोनदा उचलून परत ठेवत होती. समोरच्या घरांची दारे बंद. रामय्या म्हणाले, "आले का रे? आवाज नाही येत." मला तिथे उभे राहवेना. पाणी आणतो म्हणून मी मागच्या विहिरीवर गेलो आणि काठावर बसून राहिलो. खरे सांगायचे तर मी प्रार्थना केली नाही. मी फक्त थकलो होतो. एवढेच मनात आले, की माझ्याने होण्यासारखे होते ते झाले, आता माझ्याकडे काही उरले नाही. हे मी कुणाला म्हटले ते ठाऊक नाही. पण म्हटल्यावर छाती हलकी झाली, आणि कितीतरी दिवसांनी मी नुसता बसून राहिलो.

बादली भरून परत आलो तेव्हा दारातून माणसे आत येत होती.

धूतवस्त्र नेसलेले पुरुष, ओल्या केसांना गाठ मारलेल्या बायका, लोकरी टोप्या घातलेली मुले. सगळ्यांत पुढे सुभानराव अण्णा, कपाळाला गंध लावून, चिडलेले.

"किती वेळ लावलास रे? कधीची अंघोळ करून बसलोय. पोटात कावळे ओरडायला लागले तरी बोलावणं येईना. म्हटलं, अक्षत देऊन विसरला वाटतं हा."

मी बादली हातात धरून तसाच उभा राहिलो. मग आईने कपाळावर हात मारून घेतला तेव्हा माझ्या लक्षात आले. आमच्याकडच्या जुन्या घरांत आदल्या दिवशी अक्षत देऊन भागत नाही. पाने मांडली, की घरच्या माणसाने पुन्हा प्रत्येक दारी जाऊन 'पानं मांडलीत, चला' असे बोलवायचे असते. ते बोलावणे आल्याशिवाय मानाचा माणूस उंबरा ओलांडत नाही. आमच्या घरी कधी पंगत उठलीच नव्हती. पाहुणा म्हणून मी गेलो असेन, यजमान म्हणून नाही. आईला वाटले मी जाऊन आलो आहे, आणि मला हे सुचलेही नव्हते. सगळी गल्ली न्हाऊन, तयार होऊन, बंद दाराआड बोलावण्याची वाट बघत बसली होती. आणि मी विहिरीवर.

"पण बोलवायला कोण आलं?" मी विचारले.

"म्हणजे? तुझाच माणूस ना तो? खांद्यावर घोंगडी टाकलेला, उंचसा. चांगलं मराठी बोलला, बेळगावकडचं."

"नाही हो," मागून शेजारच्या पुट्टम्मा म्हणाल्या, "आमच्याशी कन्नडच बोलले. एले हाकिदे, बन्नी, म्हणाले. पान वाढलंय, या. किती गोड बोलले!"

मी गंगक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "तू मागे गेलास तेव्हा एकजण आत आला. मला वाटलं जेवायला आलाय, बस म्हटलं. त्यानं पानं बघितली. विचारलं, बोलवायला कोण गेलंय? म्हटलं, कोणी नाही. मग सरी म्हणाला आणि निघून गेला."

मी रस्त्यावर धावत गेलो. कोपऱ्यापर्यंत पाहिले, पलीकडच्या गल्लीत पाहिले. एक घोड्याचा जटका चालला होता, दूधवाला सायकल ढकलत होता. घोंगडीवाला माणूस नव्हता. नंतर मी भजनमंडळात विचारले, मार्केटात विचारले. बेळगावकडचे कितीतरी लोक कामासाठी इथे येतात, त्यांतलाच कोणी वाटसरू छत्र बघून आत आला असेल, असे मास्तरअण्णा म्हणतात. तसेही असेल. आई म्हणते, "पहिली अक्षत मी देवापुढे ठेवली होती. तो आला, आणि पाहुणा म्हणून न बसता घरच्यासारखा कामाला लागला." मी दोघांशीही वाद घालत नाही. माझ्याजवळ त्या माणसाविषयी याहून जास्त काही नाही.

आत आलो तेव्हा सुभानराव अण्णा पानाजवळ उभेच होते. "स्वयंपाक कुणी केला?" त्यांनी विचारले.

"मी आणि गंगक्काने," आई चुलीजवळून म्हणाली.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले, मग शेजारच्या पानावर बसलेल्या रामय्यांकडे. रामय्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "बसा हो अण्णा, सूर्य थांबत नाही कुणासाठी." कोणीतरी हसले. अण्णाही हसले असावेत. "माझं भांडण छत्राशी आहे, हुग्गीशी नाही," असे पुटपुटत ते मांडी घालून बसले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना गंगक्काला म्हणाले, "अक्का, मिरे जरा जास्त झालेत. पण वाढा."

काही दिवसांनी तेच मला घेऊन बसवनगुडीला गेले. मालकीणबाईंपुढे बसून ते म्हणाले, "अम्मा, किल्ली याच्याकडेच राहू दे. त्या बाईच्या हातचं जेवलोय. आता तिला रस्त्यावर घातलं तर ते अन्न अंगी लागायचं नाही." मालकीणबाईंनी मान डोलावली आणि आम्हाला कॉफी दिली. एवढेच झाले.

माझी जीभ अजूनही दारात अडखळते. पण मला आता दार लावणाऱ्या माणसाचा राग येत नाही. आतला माणूस कदाचित तयार होऊन बसला असेल, आणि मला अजून त्याला हाक मारता आलेली नसेल. माझे प्रयत्न अपुरे पडतात, आणि ते अपुरे पडतात तिथून पुढचे काम कुणीतरी उचलते, एवढे मी पाहिले आहे. शरण जाणे म्हणजे काय, हे मोठ्या माणसांनी सांगावे. मला विहिरीच्या काठावर फक्त हातातले सोडावे लागले होते, आणि तेही नाइलाजाने. ती नाइलाजाची शरणागतीसुद्धा त्याने मोडीत काढली नाही, याचे मला फार वाटते.

संक्रांतीच्या दुपारी गल्लीतल्या बायका ताटांतून तीळ, गूळ आणि उसाचे करवे घेऊन घरोघर निघाल्या. पुट्टम्मा छत्रासमोर आल्या आणि थांबल्या. गंगक्का गडबडली, वाटसरूने बाजूला व्हावे तशी दारातून बाजूला झाली. मग तिला उमगले, की त्या तिच्याकडेच आल्या आहेत. तिने पदर नीट केला, उंबऱ्याच्या आत दोन पावले गेली, आणि घरच्या बाईने म्हणावे तसे म्हणाली, "या ना, आत या."