जोह्याचा योसेफ

नगरहून पहाटेची पुण्याची गाडी धरली तेव्हा पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते, वाचायला एक पुस्तक होतं आणि डोक्यात एक तयार वाक्य होतं. ‘सुरेखाला यंदापासून दुसऱ्या कुटुंबाकडे पाठवावं.’ एवढं सांगायला मी रोह्याला निघालो होतो. पत्रानंही कळवता आलं असतं, पण माझी थोरली बहीण, जी आता माझ्याकडेच राहते, म्हणाली, “पोरीला नाही म्हणायचं तर तिच्यासमोर जाऊन म्हण.” आक्काशी वाद घालण्याची ताकद माझ्यात पूर्वीही नव्हती.

रोह्याच्या अलीकडे मुलींचं एक ख्रिस्ती वसतिगृह आहे. आईबाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या मुली तिथे राहतात. नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना एकेका कुटुंबात पाठवतात, घर म्हणजे काय ते कळावं म्हणून. सुरेखा चार वर्षांपासून आमच्याकडे येत होती. खाडीकडच्या मिठागरावर काम करणाऱ्या घरातली ही मुलगी. आई गेली, बाप कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही. तिच्याशी बोलणं, तिचे केस विंचरणं, तिला रागावणं हे सगळं माझी पत्नी सुमित्रा करायची. मी ग्रंथालयातून येताना तिच्यासाठी चित्रांची पुस्तकं आणायचो, आणि आमचं नातं त्या पुस्तकांच्या देवघेवीपुरतं होतं. आषाढात सुमित्रा गेली. घरात आता आक्का, मी आणि घड्याळ. त्या घरात नऊ वर्षांच्या मुलीला आणून तिच्याशी काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

येतो म्हणून फोन केला तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षिका रिबेकाबाई मला म्हणाल्या, “येतच आहात तर वाटेत जोह्याला उतरा आणि आमचा योसेफ घेऊन या.” नाताळच्या देखाव्यातल्या योसेफावर गेल्या वर्षी एक शेळी बसली होती. मरीया वाचली, बाळ वाचलं, योसेफाचा चुरा झाला. नवा योसेफ त्यांनी पेणजवळच्या जोहे गावात करायला टाकला होता. ज्या गावात घरोघरी गणपती होतात तिथे एक सुतार करायला काय अवघड, असा त्यांचा हिशेब.

पुण्याहून खोपोलीमार्गे पेणला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. डिसेंबर असला तरी कोकणातली हवा घाटावरच्या माणसाला ओली लागते. स्टँडबाहेर पोह्याचे पापड विकायला बसलेल्या बाईकडून आक्कासाठी चार पुडकी घेतली आणि जोह्याच्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना भात कापून मोकळी झालेली शेतं होती, त्यांत हिरवा वाल शेंगांवर आला होता. गावात शिरताच दिसले ते हात. अंगणात, ओट्यावर, पत्र्याच्या छपरावर शेकडो पांढरे हात उन्हात वाळत होते; सगळे आशीर्वाद देत होते.

मूर्तिकार बाळूशेठ आणि त्यांची बायको कारखान्यातच भेटले. कारखाना म्हणजे लांबलचक पडवी. बाळूशेठनी एका कोपऱ्यातला कपडा बाजूला केला आणि मी योसेफाकडे बराच वेळ पाहत राहिलो. तो दोन फूट उंच होता. दाढी होती, डोक्याला फेटा होता, अंगावर भगव्या काठाचा पिवळा झगा होता. पण तो मांडी घालून पाटावर बसला होता, पोट चांगलं सुटलेलं होतं, उजवा हात आशीर्वादासाठी वर होता आणि पायाशी उंदीर होता.

साचा गणपतीचाच वापरल्याचं बाळूशेठनी लपवलं नाही. एका योसेफासाठी नवा साचा कोण करणार? वसतिगृहातली मरीया वीतभर आहे, हे मी हळूच सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की बापमाणूस जरा मोठाच शोभतो. मग मी उंदराकडे बोट दाखवलं.

“बाईच बोलल्या, गोठ्यात बसवायचा हाय,” बाळूशेठ म्हणाले. “गोठा बोलला म्हंजे उंदीर आलाच. मी मुद्दाम ठेवलाय.”

चहा आला. चहा देताना शेठच्या बायकोनं सहज विचारलं, मंडळींना नाही आणलं का बरोबर. मी सांगितलं की ती आषाढात वारली. तशी ती खाली बसली आणि योसेफाला कागद गुंडाळत असलेल्या बाळूशेठनी हात थांबवले.

“मंग तुमच्या हातात मूर्ती देता येनार नाय,” ते म्हणाले.

मी सांगितलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्यात सुतक नसतं.

“तुमच्यात नसंल. मूर्ती आमच्यातली हाय.”

ज्या घरात माणूस गेलं त्या घरचा माणूस वर्षभर मूर्ती उचलत नाही, शेजारी आणून देतात, हा इथला रिवाज. मी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं की योसेफ देव नव्हताच, साधा सुतार होता. त्यानं फक्त येशूला वाढवलं. शेठच्या बायकोनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “ज्यानं देवाला वाढवला, तो कोन मंग?” तिथे माझं धर्मशास्त्र संपलं.

तोडगा तिनंच काढला. मूर्तीच्या तोंडावर नवा रुमाल बांधला, तिला कडेवर घेतलं आणि ती स्टॉपकडे निघाली. मी मागून रिकाम्या हातांनी चालत होतो. वाटेत दोन बायांनी तिला हाक मारून विचारलं, “माघी गणपतीला येळ हाय ना गो अजून?” तिनं चालता चालताच उत्तर दिलं की हा त्यांच्यातला हाय, लवकर येतो. गाडी आली. तिनं योसेफ कंडक्टरच्या हवाली केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, “या साहेबांना हात लावू देऊ नका. त्यांच्या घरात दुःख हाय.”

सुमित्रा गेल्यापासून माझं दुःख कुणाला दिसू नये म्हणून मी किती जपत होतो. आता ते एसटीत जाहीर झालं होतं आणि कुणी त्यावर एक शब्दही बोललं नाही. लोक सरकले, खिडकीची जागा योसेफाला मिळाली, मला त्याच्या मागची. एका म्हातारीनं त्याच्या मांडीवर केळं ठेवलं. पेणला गाडी बदलताना कंडक्टरनं त्याला रोह्याच्या गाडीत नेऊन बसवलं आणि तिथल्या कंडक्टरला सगळा निरोप दिला. माझी पिशवीसुद्धा कुणीतरी उचलली. रिवाज फक्त मूर्तीपुरता होता, पण लोकांनी तो सढळ हातानं लावला.

पेणहून गाडी सुटली तशी गर्दी वाढली आणि योसेफाला कुणाच्या तरी मांडीवर जाणं भाग पडलं. माझ्याशेजारी रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत शिफ्टला निघालेला एक तिशीतला माणूस होता. त्यानं आपला डबा पायाशी ठेवला आणि मूर्ती मांडीवर घेतली. नागोठणं आलं. मग रुमालाआडची दाढी त्याच्या हाताला लागली असावी. हे कोण, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, योसेफ, येशूचा पालक.

“पालक म्हंजे? सख्खा बाप नाय?”

“नाही.”

“म्हंजे आमच्यासारखा. काम परमनंटचं, पन नाव कंत्राटात.” त्यानं मूर्ती नीट सावरून धरली. “मंग येशू मोठा झाल्यावर यांना परमनंट केला का?”

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण हा प्रश्न मी कुठे वाचला नव्हता. पवित्र शास्त्रात योसेफ पुढे कुठे दिसतच नाही, एवढं मी सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला ते अपेक्षितच होतं.

रोह्याची नदी ओलांडायच्या आधी, वसतिगृहाच्या फाटकाशी, कंडक्टरनं स्टॉप नसताना गाडी थांबवली. धाटावच्या माणसानं खाली उतरून योसेफाला फाटकाजवळच्या दगडावर बसवलं, त्याला नमस्कार केला, मला ‘येतो’ म्हणाला आणि गाडी गेली.

दिवस मावळत होता. आतून संध्याकाळच्या प्रार्थनेचं गाणं येत होतं. मी कडी वाजवली, पण गाण्यात ती कुणाला ऐकू गेली नाही. फाटक उघडंच होतं. योसेफाला उचलून वीस पावलं आत न्यायचं, एवढंच काम. जोहे लांब राहिलं होतं, पाहणारं कुणी नव्हतं. तरी माझा हात पुढे होईना. दिवसभर इतक्या लोकांनी माझ्या वाटचं ओझं उचललं होतं की तो रिवाज मोडायची मला लाज वाटली. मी दगडाशेजारी उभा राहिलो. सायकलवरून जाणाऱ्या एकानं घंटी वाजवून आम्हाला दोघांनाही नमस्कार केला.

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायरीवरून कुणीतरी उठून फाटकाशी आलं. सुरेखा होती. उंच झाली होती, आणि तिच्या वेण्या एक वर, एक खाली अशा होत्या. सगळ्या मुली आत गात असताना ही एकटी बाहेर कशी, असं मी विचारलं.

“मी गात नाय,” ती म्हणाली. “मला सुतक हाय.”

मला आधी कळलंच नाही. ती समजावल्यासारखी सांगू लागली की आई गेल्यावर वर्षभर गाणं नाही, नवा फ्रॉक नाही, गोड नाही. बाई ओरडल्या, आपल्यात असं नसतं म्हणाल्या, पण खाडीकडे तर असतंच. आई म्हणजे तिची पहिली आई नव्हे. ती गेली तेव्हा सुरेखा फारच लहान होती. ती सुमित्राबद्दल बोलत होती.

मग तिनं दगडावरच्या मूर्तीकडे पाहिलं आणि विचारलं, आत का नाही आणलीत?

“मला हात लावायचा नाही. आपल्या घरात दुःख आहे ना,” मी म्हणालो. मी ‘आपल्या’ म्हणालो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

सुरेखानं यावर गंभीरपणे विचार केला. “मंग मला पन नाय चालनार,” ती म्हणाली. “आपला सुतक एकच हाय.”

आम्ही दोघं योसेफाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. गाणं संपल्यावर रिबेकाबाई बाहेर आल्या, आणि त्यांना एक प्रौढ माणूस, एक मुलगी आणि तोंड बांधलेली मूर्ती अशी तिघंजणं फाटकाबाहेर तिष्ठत असलेली दिसली. कारण ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि योसेफाला स्वतः आत नेलं.

रुमाल सोडल्यावर काय झालं ते सविस्तर सांगत नाही. मुली उंदरावर इतक्या खूश झाल्या की तो खरवडून काढायचा बाईंचा बेत बारगळला. योसेफ गोठ्यात मावला नाही, म्हणून त्याला बाहेर राखणदारासारखं बसवलं. वीतभर मरीया आणि तिचं बाळ त्याच्या वर केलेल्या हाताच्या सावलीत आले. पाहता पाहता ते मला बरोबर वाटू लागलं.

जेवणाआधी मुलींनी अंगणात पोपटी लावली होती (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात). शेंगा सोलता सोलता बाईंनी विचारलं, “फोनवर म्हणालात, काही सांगायचं आहे.”

माझं वाक्य मला आठवत होतं. मी विचारलं, सुरेखाची पिशवी भरली आहे का.

नव्हती. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यंदा ती सुट्टीला जाणार नाही. सुरेखा पलीकडे बसली होती. तिनंच उत्तर दिलं. “वरीस फिरल्याबिगर आपल्या घरी सन नाय. मंग येवून काय करू?”

“सण नाही करायचा,” मी म्हणालो. “पण घरी यायचं.”

तिनं हातातली शेंग संपवली, मग पिशवी भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. जोह्याच्या बाजूला फुटणारा रस्ता दिसला तेव्हा तिनं मला विचारलं की पुढच्या वर्षी वरीस फिरलेलं असेल ना, मग आपण एखादी मूर्ती स्वतः उचलू शकू. मी हो म्हणालो. नंतर घाटात ती माझ्या खांद्यावर झोपली. पुस्तक पिशवीतच राहिलं.

नगरला पोचल्यावर तिनं आधी दारावर नाताळची चांदणी टांगलेली नाही याची खात्री करून घेतली. मग आक्काला सुतकाचे नियम समजावून सांगितले. घरात तळायचं नाही, गोड करायचं नाही. पण शेजाऱ्यांनी आणून दिलं तर खायचं, नाही म्हणायचं नाही. आक्का तोंडाला पदर लावून ऐकत होती. नाताळच्या सकाळी सुरेखा पायरीवर जाऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली की आमच्यात यंदा काही करत नाहीत.

दुपारपर्यंत करंज्या आल्या, अनारसे आले, केक आले. आषाढापासून ज्या शेजाऱ्यांना काय बोलावं ते कळत नव्हतं, त्यांना ताट आणून देणं मात्र बरोबर कळलं. संध्याकाळी ओट्यावर ताटांची चळत झाली. ताट रिकामं परत करायचं नाही, हा सुमित्राचा नियम. घरात काहीच केलेलं नव्हतं, म्हणून सुरेखानं पेणच्या पापडांची पुडकी फोडली आणि एकेका ताटात थोडे थोडे पापड ठेवले. मग अर्धी चळत तिनं घेतली, अर्धी माझ्या हातात दिली.

“चला,” ती म्हणाली. “ताटाला हात लावलेला चालतो.”