नदीकाठी पळणारे भावजी

आमचे चुलत दीर कुमार नळदुर्गात बंगला बांधून राहतात. बंगल्यात तीन संडास हैत. इथं आमच्या गावात एकटी राहणारी त्यांची माय धुरपताबाई, तिच्या घरी एकबी न्हाय.

पोट सुटलं म्हणून भावजी रोज पहाटे आमच्या गावच्या नदीकाठी पळायला येतात. येतात मात्र कारनं! नदी, बाभळीचं बन, मोर, सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढत पळतात. मायच्या दाराकडं पाय काही वळत न्हाईत.

त्याच बनात पहाटे आमी बायका पाण्याचा डबा घेऊन परसाकडं बसतो. गडीमाणूस दिसला की उठून उभं राहायचं, ही आमची रीत. परवा ते पळत आले तशा आमी एकेक जण उभ्या राहिलो. भावजी मोबाईलला सांगायले, "एवढी सुंदर जागा अन् ही घाण! ह्या बायांना लाज कशी वाटत नाही?"

शेवटच्या बाभळीखाली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठायची धडपड करायली होती.

म्या म्हणलं, "भावजी, तिलाबी व्हिडिओत घ्या. तुमची मायच हाय ती, तुम्हाला बघून उठायलीय."